क्लोद बेर्नार: बेडकाच्या पायाने सोडवलेले विषाचे कोडे

ऑपरेशनची तारीख ठरली की बरेच पेशंट माझ्याकडे फिटनेसच्या कागदांसाठी येतात. बी.पी., शुगर, ई.सी.जी. सगळे बघून झाले की काही जण दारापर्यंत जाऊन परत वळतात आणि दबक्या आवाजात एक प्रश्न विचारतात. भूल दिल्यावर मध्येच जाग आली, सगळे कळतेय पण हातपाय हलत नाहीत आणि तोंडातून आवाजही फुटत नाही, असे झाले तर?

ही भीती खुळचट नाही. हालचाल बंद होणे आणि शुद्ध हरपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे ज्यांनी प्रयोगाने स्पष्ट दाखवले ते फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ म्हणजे क्लोद बेर्नार. आज ऑपरेशन थिएटरमध्ये तुमच्या मनगटाला लावलेली छोटी वायर असो, की मण्यार चावलेल्या मुलाचा श्वास चालू ठेवणारा व्हेंटिलेटर, दोन्हींमागची समज त्यांच्या टेबलापर्यंत मागे नेता येते. म्हणून आज आजाराऐवजी एका माणसाची गोष्ट सांगतो.

द्राक्षमळ्यातला मुलगा

बेर्नार यांचा जन्म १२ जुलै १८१३ रोजी फ्रान्समधल्या बोझोले भागात, सँ-ज्युलियँ नावाच्या खेड्यात झाला. वडील द्राक्षे पिकवून वाईन करणारे. घरची परिस्थिती बेताची. गावच्या धर्मगुरूंकडे लॅटिन शिकून पुढे जवळच्या शाळांमध्ये शिक्षण झाले, पण ते पूर्ण न करताच अठरा-एकोणीस वर्षांचा हा मुलगा ल्योन शहराच्या उपनगरात एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करू लागला.

त्या दुकानात थेरिअ‍ॅक नावाचे एक औषध फार खपायचे. अनेक घटकांचे ते मिश्रण कशावरही चालते अशी लोकांची समजूत होती. दुकानातली शिळी, खराब झालेली औषधे मालक याच मिश्रणासाठी बाजूला ठेवायला सांगत. कशाने काय होते हे कुणालाच माहीत नाही, तरी ते विकले जाते आणि घेतलेही जाते, हे त्या पोराने जवळून पाहिले. पुढे आयुष्यभर प्रत्येक औषधाबद्दल हे नेमके शरीरात कुठे काम करते, असा प्रश्न विचारण्याची सवय त्यांना लागली. तिचे मूळ कदाचित तिथेच असावे.

मन मात्र नाटकात होते. त्यांची एक छोटी विनोदी नाटिका ल्योनमध्ये रंगमंचावर आली आणि बरी चालली. मग पाच अंकी ऐतिहासिक शोकांतिका लिहून १८३४ मध्ये ते पॅरिसला गेले. तिथले नावाजलेले समीक्षक सँ-मार्क झिरारदँ यांनी ती वाचली आणि आधी पोटापाण्यासाठी एखादा व्यवसाय शिका, औषधांच्या दुकानात काम केलेच आहे तर वैद्यकाकडे वळा, असा सल्ला दिला. बेर्नार यांनी तो मानला.

विद्यार्थी म्हणून ते अजिबात चमकले नाहीत. रुग्णालयातील उमेदवारीच्या परीक्षेत निवड झालेल्या २९ जणांत त्यांचा नंबर २६ वा होता. पण ऑतेल-द्यू या रुग्णालयात त्यांना फ्रांस्वा माझांदी हे गुरू मिळाले. बेर्नार यांचे शवविच्छेदनातले कसब पाहून माझांदींनी १८४१ मध्ये त्यांना कॉलेज द फ्रान्समधल्या आपल्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतले.

पुढची वर्षे कठीण गेली. १८४३ मध्ये जठररसावर प्रबंध लिहून ते डॉक्टर झाले, पण १८४४ मध्ये अध्यापकपदाच्या परीक्षेत नापास झाले. हाताशी पैसा नव्हता. गावी जाऊन साधी प्रॅक्टिस सुरू करावी असे त्यांच्या मनात पक्के होऊ लागले होते. १८४५ मध्ये त्यांनी पॅरिसमधल्या एका डॉक्टरांच्या मुलीशी, फॅनी मार्तँशी लग्न केले. तिच्या हुंड्याच्या पैशावर संशोधन चालू राहिले. या लग्नाची किंमत दोघांनाही मोजावी लागली. त्याकडे पुढे येऊच.

बाणाच्या टोकावरचे विष

त्याच ओढाताणीच्या काळात, १८४४ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ पेलूझ यांच्याकडून बेर्नार यांना थोडे क्युरारे मिळाले. दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांत राहणारे आदिवासी काही वेलींच्या सालींपासून हे विष तयार करतात आणि बाणांना किंवा फुंकनळीच्या काट्यांना लावतात. शिकार धडपड न करता खाली कोसळते. गंमत म्हणजे तेच मांस खाल्ले तर माणसाला काही होत नाही, कारण आतड्यांतून हे विष रक्तात फारसे शोषले जात नाही.

बेर्नार यांच्या आधी इंग्लंडमध्ये ब्रोडी यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली होती. क्युरारे टोचलेल्या प्राण्याला भात्याने हवा देत राहिले तर त्याचे हृदय चालू राहते आणि विष उतरल्यावर तो बरा होतो. म्हणजे प्राणी मरतो तो श्वास थांबल्यामुळे. पण श्वास का थांबतो? बिघाड मेंदूत होतो, मज्जातंतूत होतो, की स्नायूत?

इथे एक खुलासा. बोलताना आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. या लेखात मज्जातंतू म्हणजे मेंदू आणि मणक्यातून निघून स्नायूंपर्यंत संदेश नेणारा धागा. त्याला विजेच्या तारेसारखा समजा आणि स्नायूला मोटरसारखा. पंखा बंद पडला तर बटणापासून मोटरपर्यंत एकेक टप्पा तपासत जावे लागते. बेर्नार यांनी नेमके तेच केले, आणि त्यासाठी बेडूक वापरला.

पहिला टप्पा असा. बेडकाच्या कातडीखाली क्युरारे दिले. काही मिनिटांत तो लुळा पडला. मग पायाकडे जाणारा जाड मज्जातंतू उघडा करून त्याला विजेचा सौम्य धक्का दिला. पाय हलला नाही. तोच धक्का थेट स्नायूला दिला, तर स्नायू लगेच आखडला. निरोगी बेडकात दोन्ही ठिकाणी धक्का दिल्यावर पाय हलतो. म्हणजे मोटर शाबूत होती, पण तारेतून आलेला संदेश तिच्यापर्यंत पोहोचत नव्हता. स्नायूला स्वतःची आखडण्याची ताकद असते की ती मज्जातंतूकडून येते, हा शंभर वर्षांचा जुना वादही या एका प्रयोगाने बराचसा निकालात निघाला.

दुसरा टप्पा अधिक कल्पक होता. बेडकाच्या कमरेजवळ दोरा असा बांधला की मागच्या पायांचा रक्तपुरवठा बंद झाला, पण मज्जातंतू मोकळे राहिले. मग पाठीत विष टोचले. रक्तातून ते पुढच्या भागात पसरले, मागच्या पायांपर्यंत पोहोचले नाही. पुढचा भाग लुळा पडला. आता पुढच्या लुळ्या पायाला चिमटा काढला, तर तो पाय हलला नाही, पण मागच्या पायांनी झटका दिला.

याचा अर्थ जरा थांबून लक्षात घ्या. चिमटा लुळ्या भागाला काढला होता. तिथली संवेदना मणक्यापर्यंत पोहोचली होती, तिथून हुकूम सुटला होता, आणि जिथे विष नव्हते त्या पायांनी तो पाळलाही होता. विषाने फक्त हालचालीचा रस्ता अडवला होता. संवेदनेचा रस्ता उघडाच होता.

तिसऱ्या टप्प्यात मज्जातंतू आणि स्नायू शरीराबाहेर काढून वेगवेगळ्या भांड्यांत ठेवले. फक्त मज्जातंतू विषाच्या द्रावणात बुडवला, तर संदेश स्नायूपर्यंत जात राहिला. स्नायू विषात बुडवला, तर मज्जातंतूला दिलेला धक्का फुकट गेला. म्हणजे अडथळा तारेच्या मधल्या भागात नसून ती स्नायूला जिथे मिळते त्या टोकाशी होता.

पेलूझ यांच्यासोबत त्यांनी १८५० मध्ये हे काम जाहीर केले आणि नंतरच्या व्याख्यानांतून सविस्तर मांडले. त्यांचा स्वतःचा निष्कर्ष मात्र अर्धाच बरोबर होता. क्युरारेमुळे हालचालीचा मज्जातंतूच टोकाकडून मरत जातो, असे ते समजत. पुढे व्ह्युल्पियाँ यांनी बोट ठेवले ते मज्जातंतू आणि स्नायू यांच्या मधल्या जागेवर. विसाव्या शतकात कळले की मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते आणि स्नायूवरच्या रिसेप्टरमध्ये किल्ली कुलपात बसावी तसे बसते. क्युरारे त्या कुलपात अडकून राहते, त्यामुळे खरी किल्ली आत शिरत नाही.

अडथळा मोजायचा कसा?

बेर्नार यांचे उत्तर बहुतेक वेळा हो किंवा नाही अशा स्वरूपाचे होते. पाय हलला किंवा हलला नाही. डॉक्टरला मात्र किती हलला हेही लागते. हे मोजण्याची साधने त्याच काळात तयार होत होती. जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश सेकंदाला साधारण २५ ते ४० मीटर वेगाने जातो हे मोजले. स्नायूला तरफ बांधून त्याचे आखडणे फिरत्या ड्रमवर उमटवण्याची पद्धतही रुळली.

आमच्या एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षी आम्हीही हेच केले होते. काजळी धरलेला कागद, फिरणारा ड्रम, बेडकाच्या पोटरीचा स्नायू, आणि प्रत्येक धक्क्याला काळ्या कागदावर उमटणारा पांढरा उंचवटा. त्या दिवशी बेडकाकडे बघताना पोटात कालवले होते. आता बहुतेक ठिकाणी हा प्रयोग संगणकावर दाखवतात, आणि ते बरेच झाले.

१९४६ मध्ये एडिथ ब्युलब्रिंग यांनी उंदरावरची पद्धत मांडली. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा त्याच्या मज्जातंतूसकट काढून ऑक्सिजन मिळणाऱ्या उबदार द्रावणात ठेवायचा, मज्जातंतूला ठरावीक अंतराने धक्के द्यायचे आणि प्रत्येक ओढीची उंची नोंदवायची. द्रावणात औषध टाकल्यावर उंची निम्मी झाली तर अडथळा ५० टक्के. मध्येच थेट स्नायूला धक्का देऊन तो स्वतः धडधाकट आहे ना, हेही बघतात. ही खातरजमा थेट बेर्नार यांच्या टेबलावरून आलेली आहे.

पुढे पॅटन आणि वॉड यांनी १९६७ मध्ये मांजरांवरील मोजमापातून दाखवले की सुमारे तीन चतुर्थांश रिसेप्टर अडेपर्यंत स्नायूची ओढ कमी झालेली दिसतच नाही. ही निसर्गाने ठेवलेली राखीव क्षमता. पण म्हणूनच ऑपरेशननंतर पेशंट डोके उचलतो, हात दाबतो, तरी त्याच्या शरीरात औषध बऱ्यापैकी उरलेले असू शकते. नुसत्या नजरेच्या अंदाजावर विसंबता येत नाही, ते यामुळे.

माणसांच्या ऑपरेशनमध्ये क्युरारेचा वापर कॅनडातल्या माँट्रियल इथे ग्रिफिथ आणि जॉन्सन यांनी जानेवारी १९४२ मध्ये केला आणि आधुनिक भूलशास्त्राची दिशा बदलली. १९७० मध्ये ब्रिटनमधल्या अली, अटिंग आणि ग्रे यांनी सोपी मोजणी दिली. मनगटाजवळच्या मज्जातंतूला दोन सेकंदांत चार बारीक धक्के द्यायचे आणि अंगठा किती हलतो ते बघायचे. औषधाचा अंमल वाढत जातो तसा आधी चौथा झटका जातो, मग तिसरा, दुसरा आणि शेवटी पहिला. उतरताना उलट क्रमाने परत येतात. चौथा झटका पहिल्याच्या किमान ९० टक्के झाल्यावर श्वासाची नळी काढणे सुरक्षित, असे आज मानतात.

घरात पडलेली फट

आता गोष्टीतला अवघड भाग. बेर्नार यांनी जिवंत प्राण्यांवर, बेडूक, ससे आणि कुत्र्यांवर, खूप प्रयोग केले. त्यातले अनेक आज कुठल्याही समितीने मंजूर केले नसते. क्युरारे दिलेला प्राणी शांत दिसतो, पण त्याला वेदना कळत असणार, हे त्यांच्याइतके नेमके त्या काळी कुणालाच माहीत नव्हते. अशा अवस्थेतले मरण किती भयंकर असेल हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले. तरीही प्रयोगात प्राणी हलू नये म्हणून क्युरारे वापरले गेले, त्यांच्याकडेही.

पत्नी फॅनीला हे सहन होत नसे. दोन मुली आईच्या बाजूने राहिल्या. दोन मुलगे तान्हेपणीच गेले होते. शेवटी १८७० च्या सुमारास पतिपत्नी कायदेशीररीत्या वेगळे झाले. फॅनी आणि मुलींनी पुढे प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध काम केले. काही महिने त्यांच्या प्रयोगशाळेत राहिलेले जॉर्ज हॉगन या डॉक्टरांनी १८७५ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रात पत्र लिहून तिथली दृश्ये लोकांपुढे आणली. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्राण्यांवरील प्रयोगांवर बंधने घालणारा कायदा झाला. क्युरारे हे भुलीचे औषध धरले जाणार नाही, असे त्या कायद्यात स्पष्ट लिहिले होते. ज्या शोधाने बेर्नार मोठे झाले, त्याच शोधाचा आधार त्यांच्या विरोधकांच्या या कलमाला मिळाला.

त्यांना क्रूर म्हणून मोडीत काढणे सोपे आहे आणि थोर म्हणून त्या प्राण्यांना विसरणेही सोपे आहे. मला दोन्ही जमत नाही. त्यांच्या ज्ञानाचा फायदा माझ्या पेशंटना रोज मिळतो, आणि फॅनीची तक्रारही खरी होती.

शेवटची वर्षे

बेर्नार यांचे काम क्युरारेपुरते नव्हते. स्वादुपिंडाचा रस चरबी पचवतो, यकृत स्वतः साखर तयार करून रक्तात सोडते, मज्जातंतू रक्तवाहिन्यांची रुंदी बदलतात, हे शोध त्यांचेच. रात्रभर उपाशी राहूनही सकाळची शुगर जास्त कशी, असा प्रश्न मधुमेही पेशंट मला नेहमी विचारतात. त्याच्या उत्तराची सुरुवात त्यांच्या यकृतावरच्या कामातून झाली. क्लोरोफॉर्मच्या आधी मॉर्फीन दिले तर कमी क्लोरोफॉर्म पुरते, हेही त्यांनी नोंदवले.

१८५४ मध्ये सॉरबॉनमध्ये त्यांच्यासाठी नवे अध्यासन निघाले आणि ते विज्ञान अकादमीवर निवडून आले. १८५५ मध्ये माझांदींच्या जागी त्यांची नेमणूक झाली. पण वर्षानुवर्षे अंधाऱ्या, दमट प्रयोगशाळेत काम करून तब्येत ढासळत गेली. १८६० नंतर पोटाच्या दुखण्याने ते वारंवार आजारी पडत आणि सँ-ज्युलियँच्या द्राक्षमळ्यात जाऊन राहत. त्याच सक्तीच्या विश्रांतीत लिहिलेले प्रायोगिक वैद्यकावरचे त्यांचे पुस्तक १८६५ मध्ये आले आणि आजही वाचले जाते. १० फेब्रुवारी १८७८ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झालेले ते फ्रान्समधले पहिले शास्त्रज्ञ. पत्नी आणि मुली मात्र दुरावलेल्याच होत्या.

आपल्याकडची मण्यार

क्युरारे आपल्या जंगलात नाही, पण मण्यार आहे. तिचे विषही मज्जातंतू आणि स्नायू यांच्या याच सांध्यावर घाव घालते. फरक इतकाच की ते मुख्यतः मज्जातंतूच्या टोकाचे नुकसान करते, त्यामुळे बरे व्हायला काही दिवस लागतात.

ग्रामीण भागात नोकरीला असताना एका पहाटे बारा-तेरा वर्षांच्या मुलाला बैलगाडीतून आणले होते. रात्री जमिनीवर झोपलेला, पोटात दुखतेय म्हणून उठला, मग पापण्या मिटू लागल्या. आमच्यापर्यंत पोहोचेस्तोवर श्वास अगदी वरवर चालला होता. आम्ही पिशवीने श्वास देत, सर्पदंशावरचे औषध सुरू करून त्याला मोठ्या रुग्णालयात हलवले. बाकावर बसलेली मंडळी रडत तो गेलाच असे बोलत होती. आठवड्याभराने तो चालत भेटायला आला. कोण काय म्हणाले ते त्याने घडाघडा सांगितले. त्याला सगळे ऐकू येत होते. फक्त पापणीही उचलता येत नव्हती.

त्या दिवशी मला बेर्नार यांचा बेडूक खऱ्या अर्थाने कळला.

लक्षात ठेवण्यासारखे

• स्नायू सैल करणारे औषध भूल देत नाही. म्हणून भूलतज्ज्ञ शुद्ध घालवणारे, वेदना थांबवणारे आणि स्नायू सैल करणारे अशी वेगवेगळी औषधे देतात आणि त्यांच्या अंमलावर लक्ष ठेवतात. ऑपरेशनमध्ये जाग येणे क्वचित घडते. मनात भीती असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच मोकळेपणाने विचारा. आधी असा अनुभव आला असेल तर तो जरूर सांगा.

• पापण्या गळणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, संध्याकाळी जास्त थकवा, गिळताना त्रास, अशी लक्षणे असतील तर ऑपरेशनआधी सांगा. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजारात हाच सांधा कमजोर असतो आणि औषधांचे प्रमाण बदलावे लागते.

• घरात कुणाला भुलीनंतर बराच वेळ व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले असेल, तर ती माहिती लपवू नका. काहींच्या शरीरात असे एक औषध उशिरा निघून जाते आणि हा दोष अनुवंशिक असू शकतो.

• मण्यारीचा दंश दुखत नाही आणि खूण दिसतेच असे नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री अचानक पोटदुखी, उलटी, जड पापण्या, अडखळते बोलणे असे झाले तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता व्हेंटिलेटरची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.

• व्हेंटिलेटरवर निपचित पडलेल्या आपल्या माणसाजवळ बसाल तेव्हा त्याच्याशी बोला. नाव घेऊन, धीर देऊन बोला. तो हलत नाही, याचा अर्थ त्याला ऐकू येत नाही असा होत नाही.